शाळेतील फोनबंदी: न्यूयॉर्कचे दोन प्रयत्न

विद्यार्थ्यांनी शाळेत मोबाइल आणू नये, असा नियम करणे सोपे आहे. एका पानाचे परिपत्रक काढले की काम झाले. तो नियम कोण पाळतो, कोण पाळत नाही आणि तो पाळून घेण्याचा खर्च कोणाच्या खिशातून जातो, हे परिपत्रकात लिहिलेले नसते. या टिपणात आपण हा विषय अमेरिकेतील न्यूयॉर्क शहराच्या उदाहरणावरून समजून घेणार आहोत. या शहराने आपल्या शाळांत फोनबंदी कडकपणे राबवली, मग मागे घेतली आणि दहा वर्षांनी ती वेगळ्या रूपात परत आली. एकाच ठिकाणी जवळपास एकच धोरण दोनदा तपासून पाहण्याची संधी क्वचितच मिळते.

आधी एका शब्दाचा खुलासा. ‘पब्लिक स्कूल’ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर भरपूर फी घेणारी खासगी शाळा येते. अमेरिकेत अर्थ नेमका उलटा आहे. तिथे पब्लिक स्कूल म्हणजे कराच्या पैशावर चालणारी मोफत शाळा. न्यूयॉर्क शहराची ही यंत्रणा देशातील सर्वांत मोठी, आणि आपण ज्या काळापासून पाहणार आहोत तेव्हा तिच्यात सुमारे ११ लाख विद्यार्थी होते. म्हणून पुढे मी ‘सरकारी शाळा’ असाच शब्द वापरतो.

पेजरपासून सुरुवात

न्यूयॉर्कच्या शाळांतली बंदी मोबाइलच्या आधीची आहे. १९८८ मध्ये शिक्षण मंडळाने विद्यार्थ्यांना पेजर आणि तत्सम संपर्कसाधने शाळेत आणण्यास मनाई केली. त्या काळी पेजर म्हणजे अमली पदार्थांच्या विक्रेत्यांचे साधन, असा समज होता. पुढे मोबाइल आले आणि तेही आपोआप त्याच नियमाखाली आले. पण नियम कागदावर राहिला. मुले फोन दप्तरात ठेवत, बाहेर काढत नसत आणि बहुतेक मुख्याध्यापक तिकडे काणाडोळा करत.

२००६ च्या वसंत ऋतूत महापौर मायकल ब्लूमबर्ग यांच्या प्रशासनाने शस्त्रांच्या शोधासाठी फिरती मेटल डिटेक्टर पथके शाळांच्या दारात उभी करायला सुरुवात केली. कोणत्या दिवशी कोणती शाळा, हे आधी सांगितले जात नसे. यंत्राला चाकू आणि फोन यांत फरक कळत नाही. धातू दिसला की ते वाजते. परिणामी शस्त्रे थोडी आणि फोन ढिगाने जप्त झाले. पालक संतापले. न्यूयॉर्कमध्ये माध्यमिक शाळा घराजवळचीच असावी असे बंधन नाही, त्यामुळे हजारो मुले रोज तासतासभर भुयारी रेल्वेने प्रवास करतात. शिवाय ११ सप्टेंबर २००१ ला पाच वर्षेही झाली नव्हती. मुलाशी संपर्क होत नाही म्हणजे काय, हे त्या शहरातल्या पालकांना समजावून सांगण्याची गरज नव्हती.

काही पालक न्यायालयात गेले. त्यांचे म्हणणे असे: वर्गात फोन वापरण्यास बंदी घाला, आमची हरकत नाही, पण शाळेच्या आधी आणि नंतर मुलाकडे फोन असू द्या. म्हणजे वाद ‘वापरण्याचा’ आणि ‘जवळ बाळगण्याचा’ होता. हा फरक नीट लक्षात ठेवा, कारण जगभरातली फोनबंदीची सगळी धोरणे याच दोन शब्दांभोवती फिरतात. २००७ मध्ये न्यायालयाने आणि २००८ मध्ये अपील न्यायालयाने शहराच्या बाजूने निकाल दिला. अपील न्यायालयाचा तर्क व्यवहारी होता. फोन आवाज न करता वापरता येतो, बाकाखाली संदेश टाइप करता येतो, त्यामुळे ‘वापरू नका’ हा नियम पाळून घेणे शिक्षकांना जड जाते. ‘आणू नका’ हा नियम तपासणे सोपे. तर्क म्हणून तो मला आजही बिनचूक वाटतो. पण ‘तपासणे सोपे’ कुठे, हा प्रश्न त्यात सुटला.

दारातली यंत्रे आणि रस्त्यावरच्या गाड्या

फोन आणला की नाही हे फक्त तिथेच सहज कळत होते, जिथे दारात कायमस्वरूपी मेटल डिटेक्टर होते. शहरात अशा इमारती शंभरहून कमी होत्या आणि त्या मुख्यतः गरीब, कृष्णवर्णीय व लॅटिनो वस्त्यांमध्ये होत्या. बाकीच्या हजाराहून अधिक शाळांत ‘फोन दिसला नाही तर विचारणार नाही’ असा अलिखित करार चालू राहिला. कायदा सगळ्यांना एकच. पण अंमलबजावणी यंत्राच्या जागेवर ठरली.

मग मेटल डिटेक्टरवाल्या शाळांतल्या मुलांनी काय केले? त्यांनी फोन घरी ठेवला नाही. सकाळी शाळेबाहेर मालवाहू गाड्या उभ्या राहू लागल्या. दिवसाला एक डॉलर द्यायचा, फोन गाडीत ठेवायचा, टोकन घ्यायचे आणि दुपारी फोन परत घ्यायचा. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानांनीही हाच धंदा सुरू केला. वर्षात साधारण १८० शाळेचे दिवस धरा. म्हणजे एका मुलामागे १८० डॉलर, आणि घरात तीन मुले असतील तर ५४० डॉलर. मोफत शाळेत जाणाऱ्या, शहरातल्या सर्वांत गरीब कुटुंबांवर हा एक खासगी कर बसला. २०१२ मध्ये ब्रॉन्क्स भागात अशाच एका गाडीवर बंदूक दाखवून दरोडा पडला आणि मुलांचे फोन लुटले गेले.

ब्लूमबर्ग यांच्यानंतर आलेले महापौर बिल डी ब्लासिओ यांनी मार्च २०१५ पासून ही बंदी उठवली. आपला स्वतःचा मुलगाही शाळेत फोन नेतो, हे त्यांनी आधीच जाहीरपणे सांगितले होते. बंदी उठवताना त्यांनी दिलेल्या कारणांत अंमलबजावणीतली विषमता प्रमुख होती. त्यानंतर प्रत्येक मुख्याध्यापकाने शिक्षक आणि पालकांशी बोलून आपल्या शाळेचा नियम ठरवायचा होता: फोन एका जागी जमा करायचा, मधल्या सुट्टीत वापरू द्यायचा, की शिकवण्यासाठी लागेल तेव्हा काढू द्यायचा.

‘जॅमर का लावत नाहीत?’

इथे थोडे विषयांतर. हा प्रश्न अभियांत्रिकीचे विद्यार्थी हमखास विचारतात, म्हणून त्याचे उत्तर इथेच देतो. जॅमर फोन ‘बंद’ करत नाही. फोन ज्या वारंवारितेवर मनोऱ्याशी बोलतो त्याच वारंवारितेवर तो गोंगाट सोडतो, म्हणजे मनोऱ्याचा क्षीण संकेत त्यात बुडून जातो. भरसभेत दोघे कुजबुजत असताना शेजारी ढोल बडवावा, तसे हे. रेडिओ लहरी वर्गाच्या भिंतीपाशी थांबत नाहीत. शेजारच्या घरातला, रस्त्यावरच्या रुग्णवाहिकेतला फोनही बंद पडतो आणि आपत्कालीन कॉलही लागत नाही. म्हणून अमेरिकेत संघराज्याच्या कायद्याने जॅमर विकणे आणि वापरणे बेकायदा आहे. २०१५ मध्ये फ्लोरिडातल्या एका विज्ञान शिक्षकाने वर्गात असे यंत्र लावले. मोबाइल कंपनीने बिघाडाचा माग काढला आणि त्या शिक्षकाला पाच दिवस बिनपगारी निलंबित करण्यात आले. भारतातही सरकारच्या खास परवानगीशिवाय जॅमर लावता येत नाही. परीक्षा केंद्रांसारख्या ठिकाणी ती परवानगी विशिष्ट मर्यादेत मिळते. तेव्हा हा रस्ता शाळांसाठी बंद आहे, आणि तो बंदच बरा.

दहा वर्षांत काय बदलले

२००६ ची कडक कारवाई सुरू झाली तेव्हा पहिला आयफोन बाजारात यायला वर्ष होते. त्या वेळचा फोन म्हणजे बोलणे, संदेश आणि फार तर कॅमेरा. शिक्षकांची तक्रार होती कॉपीची आणि वाजणाऱ्या रिंगची. २०१५ नंतर वर्गात जे आले ते वेगळे यंत्र होते. त्याला कोणी फोन करण्याची वाट पाहावी लागत नव्हती. ते स्वतःच मुलाला हाक मारत होते. दर काही मिनिटांनी सूचना, न संपणारी चित्रफितींची रांग, आणि भांडण झाले तर त्याचे चित्रीकरण दहा मिनिटांत सगळ्या शाळेकडे. प्यू संशोधन केंद्राने २०२३ च्या शरद ऋतूत अमेरिकी सरकारी शाळांतल्या शिक्षकांची पाहणी केली. वर्गात फोनमुळे लक्ष विचलित होणे ही ‘मोठी समस्या’ आहे, असे वरच्या वर्गांना शिकवणाऱ्या ७२ टक्के शिक्षकांनी सांगितले. प्राथमिक शिक्षकांत हे प्रमाण ६ टक्के होते.

शाळेपुरता नियम करण्याची पद्धत इथे तोकडी पडली, आणि कारण समजायला अवघड नाही. एका तासाला शिक्षिका फोन टोपलीत ठेवायला लावतात, पुढच्या तासाला शिक्षक काही म्हणत नाहीत. मूल दिवसातून सात वेळा नवा नियम शिकते आणि प्रत्येक शिक्षकाला स्वतःच पोलीस व्हावे लागते. ज्यांनी चाळीस जणांचा वर्ग सांभाळला आहे त्यांना ठाऊक आहे की एका फोनवरून वाद घातला तर तासातली दहा मिनिटे तिथेच जातात. माझ्या मते राज्यव्यापी कायद्याची मागणी पालकांपेक्षा शिक्षकांकडून जोराने आली, यात आश्चर्य नाही.

२०२५ चा कायदा

गव्हर्नर कॅथी होकुल यांच्या पुढाकाराने न्यूयॉर्क राज्याने २०२५ मध्ये कायदा केला आणि त्या सप्टेंबरपासून तो सर्व सरकारी शाळांना लागू झाला. पहिल्या घंटेपासून शेवटच्या घंटेपर्यंत, मधली सुट्टी धरून, फोन वापरायचा नाही. याचे चार तपशील २००६ च्या बंदीशी ताडून पाहा.

पहिला, बंदी कशावर आहे. जुन्या नियमात ‘संपर्कसाधन’ हा शब्द होता. नव्या कायद्यात इंटरनेटशी जोडता येणारे उपकरण आहे. साधा बटनांचा फोन, ज्यावर इंटरनेट नाही, तो या कायद्याच्या कचाट्यात येत नाही. आईला फोन करणे हा गुन्हा मानलेला नाही. न संपणारी चित्रफितींची रांग वर्गाबाहेर ठेवायची आहे. मला हा सर्वांत मोठा बदल वाटतो, पण बातम्यांत त्याची फारशी चर्चा झाली नाही.

दुसरा, फोन ठेवायचा कुठे. मूल फोन शाळेपर्यंत आणू शकते. तो दिवसभर ठेवण्याची सोय शाळेने करायची. त्यासाठी राज्याने १ कोटी ३५ लाख डॉलर वेगळे काढले. एक डॉलरची गाडी आता शाळेच्या आत आली आणि तिचे भाडे सरकारने उचलले, असे म्हणा हवे तर.

तिसरा, पालकांना दिवसभरात मुलापर्यंत निरोप पोचवण्याचा निदान एक मार्ग शाळेने दिलाच पाहिजे. मधुमेहासारख्या आजारात रक्तातली साखर फोनवर पाहणारी मुले, अपंगत्वामुळे उपकरण लागणारी मुले, भाषांतरासाठी फोन वापरणारी नवी स्थलांतरित मुले यांना सवलत आहे.

चौथा, केवळ फोन वापरला म्हणून मुलाला शाळेतून निलंबित करता येत नाही, आणि कारवाई कोणावर झाली याचा वार्षिक अहवाल शाळांनी गटवार आकड्यांसह प्रसिद्ध करायचा आहे. जुन्या बंदीची जखम कुठे होती, हे या तरतुदीवरून दिसते.

कुलूपबंद पिशवीचे गणित

फोन ठेवण्याच्या पद्धतींपैकी सर्वांत गाजलेली म्हणजे ‘याँडर’ कंपनीची पिशवी. कपड्यांच्या दुकानात चोरी रोखण्यासाठी जसा चुंबकाने सुटणारा खिळा लावतात, त्याच तत्त्वावर हिचे कुलूप आहे. आतील पोलादी खीळ स्प्रिंगने अडकते. दारातल्या तळपट्टीतील जोरदार चुंबकावर पिशवी टेकवली की ती सुटते. फोन मुलाकडेच राहतो, पण उघडता येत नाही. मुलांनी अर्थातच लगेच उपाय शोधले. बाजारातून शक्तिशाली चुंबक आणला, पिशवी बाकावर आपटली, किंवा पिशवीत जुना बंद फोन ठेवून खरा खिशात ठेवला. शेवटच्या उपायावर कोणत्याही कुलपाचा इलाज नाही.

त्याहून मोठी अडचण रांगेची. समजा, शाळेत १५०० मुले आहेत आणि सुटताना प्रत्येकाला पिशवी उघडायला ४ सेकंद लागतात. एकूण ६००० सेकंद, म्हणजे १०० मिनिटे. पाच तळपट्ट्या लावल्या तर २० मिनिटे. सगळ्या मुलांनी एकदम दाराकडे धाव घेतली की धक्काबुक्की वेगळीच. हीच तळपट्टी प्रत्येक वर्गात ठेवली तर रांग संपते, पण मग चुंबक मुलांच्या हाताशी येतो. या कारणाने काही शाळा वर्गातल्या साध्या कप्प्यांकडे किंवा कुलूपवाल्या पेट्यांकडे वळतात. त्या स्वस्त पडतात, पण फोन हरवला किंवा फुटला तर जबाबदारी शाळेवर येते. कोणतीही पद्धत निवडा, कुठेतरी मोल द्यावे लागते.

आपत्तीचा प्रश्नही याच ठिकाणी येतो. २०२२ मध्ये टेक्सासमधील युवाल्डी गावच्या शाळेत गोळीबार झाला तेव्हा वर्गात अडकलेल्या मुलांनी फोनवरून ९११ ला मदत मागितली. ज्या देशात असे घडते तिथले पालक ‘कुलूपबंद फोन’ हे शब्द कसे ऐकतील, याचा विचार करा. सुरक्षातज्ज्ञ सांगतात की अशा वेळी शेकडो फोन वाजल्याने लपण्याची जागा उघड होते, अफवा पसरतात आणि नेटवर्क तुंबते. हे खरे आहे. तरी या युक्तिवादाने आईवडिलांचे समाधान होईल असे मला वाटत नाही, आणि ते व्हावे अशी अपेक्षा धरणेही चूक आहे.

गुणांवर परिणाम होतो का?

या विषयावर सर्वाधिक उद्धृत होणारा अभ्यास लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या संशोधन केंद्रातून २०१५ मध्ये आला. बेलँड आणि मर्फी या दोन अर्थशास्त्रज्ञांनी इंग्लंडमधील चार शहरांतल्या ९१ शाळा पाहिल्या. बंदीनंतर सरासरी निकाल प्रमाण विचलनाच्या सुमारे ६.४ टक्क्यांनी सुधारला; सर्वांत मागे असलेल्या पाचव्या हिश्श्यातील मुलांत ही सुधारणा सुमारे १४ टक्के होती आणि सर्वांत पुढच्या मुलांत जवळपास शून्य. आकडा समजून घ्या. परीक्षेचे प्रमाण विचलन १५ गुण असेल, तर सरासरी फायदा एका गुणाचा आणि मागच्या मुलांना दोन गुणांचा. छोटा, पण ज्याला त्याची गरज आहे त्याच्याकडे जाणारा. अडचण अशी की स्वीडनमध्ये याच पद्धतीने अभ्यास केला तेव्हा काहीच परिणाम आढळला नाही. बर्मिंगहॅम विद्यापीठाने २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, ३० शाळांतील १२२७ मुलांच्या अभ्यासात कडक नियमांच्या शाळांतली मुले शाळेत फोन कमी वापरत होती. पण दिवसभराचा एकूण वापर आणि मानसिक स्वास्थ्य यांत फरक दिसला नाही. शाळेत वाचलेला वेळ घरी भरून निघत होता.

हे निष्कर्ष परस्परविरोधी वाटतात, पण ते वेगवेगळे प्रश्न विचारत आहेत. सहा तास फोन दूर ठेवल्याने मुलाची झोप किंवा एकटेपणा सुधारेल, अशी आशा ठेवली तर निराशाच होईल. वर्गातला तास वर्गासाठी मिळेल का, एवढाच प्रश्न असेल तर उत्तर बरेच आशादायक आहे.

फ्लोरिडाने २०२३ मध्येच राज्यभर बंदी केली. तिथल्या एका मोठ्या शहरी जिल्ह्याच्या नोंदींवरून २०२५ मध्ये एक अभ्यास आला. पहिल्या वर्षी निलंबने वाढली, विशेषतः कृष्णवर्णीय मुलांची. नंतर ती ओसरू लागली. दुसऱ्या वर्षी परीक्षेचे गुण सुधारले आणि विनापरवानगी गैरहजेरी कमी झाली. म्हणजे किंमत आधी मोजावी लागली आणि लाभ नंतर आला. किंमत मोजणारी मुले आणि लाभ मिळालेली मुले एकच होती का, हे त्या सरासरीत दिसत नाही. न्यूयॉर्कच्या वार्षिक अहवालांत मी प्रथम गटवार कारवाईचा तक्ता पाहीन, गुणांचा नाही.

आपल्याकडे

भारतात हा प्रश्न २०२५ च्या फेब्रुवारीत दिल्ली उच्च न्यायालयापुढे आला. केंद्रीय विद्यालयातील एका अल्पवयीन विद्यार्थ्याचे प्रकरण होते. न्यायालयाने सरसकट बंदी इष्ट नाही आणि व्यवहार्यही नाही असे म्हटले आणि मार्गदर्शक तत्त्वे दिली: शाळेत फोन आणण्यास एरवी मनाई नसावी, शक्य असेल तिथे विद्यार्थ्याने तो आल्यावर जमा करावा आणि घरी जाताना परत घ्यावा, वर्गात आणि शाळेच्या वाहनात वापर नसावा, कॅमेरा व ध्वनिमुद्रणाला मनाई असावी, सुरक्षेसाठी संपर्क ठेवण्यापुरता वापर मान्य असावा, मनोरंजनासाठी नाही. नियम मोडल्यास फोन काढून घेणे ही शिक्षा चालेल, पण ती समजुतीने द्यावी.

‘शक्य असेल तिथे जमा करावा’ या शब्दांपाशी थांबा. एका वर्गात ६० मुले असलेल्या शाळेत जमा करण्याची कपाटे कोण घेणार, फोनची पावती कोण देणार, शाळा सुटल्यावर बस निघायच्या आत ते परत कोण वाटणार? तुम्ही शाळा व्यवस्थापन समितीवर असाल आणि पुढच्या सभेत फोनबंदीचा ठराव येणार असेल, तर ठरावासोबत कपाटाचे दरपत्रक आणि शिपायाचे वेळापत्रक मागा. ते नसेल तर शाळेबाहेरचा टपरीवाला लवकरच पाच रुपयांत फोन सांभाळू लागेल, आणि कोणत्या मुलांचे फोन तिथे असतील हे आधीच सांगता येते.